आत्याला ‘स’ स्वच्छ हवा होता

माझ्या आत्याचा आवाज गावातल्या जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेला होता, तोंड मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं. ती बसस्थानकावर निवेदिका होती. चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक खोली, तिच्यात टेबल, माईक, कुरकुरणारा पंखा आणि आत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कुणाचं पोर हरवलंय आणि ते खिडकीपाशी भोकाड पसरून बसलंय, हे सगळं गावाला तिच्याकडून कळायचं. स्थानकातले चालक-वाहक तिला माईकबाई म्हणत. तिला ते नाव आवडायचं नाही, पण कुणी हाक मारली तर ओ द्यायची.

ती तापट आहे असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. खरं तर तिला भांडताना मी लहानपणी कधी पाहिलंच नाही. तिला संताप यायचा तो आळशी बोलण्याचा. स्थानकावरचे कर्णे हलक्यातले होते, शब्दात ‘स’ आला की त्यांतून शिट्टी निघायची. तिच्या सुट्टीत दुसरं कुणी बसलं की ‘गाडी सुटेल’ म्हणताना कुकरची वाफ सुटल्यासारखं वाटायचं. आत्याने त्यावर आपल्यापुरती तोड काढली होती. ‘स’ येणार असला की ती मान किंचित वळवायची, म्हणजे श्वास थेट माईकवर आदळत नसे. वर्षानुवर्षं ती अशी मान वळवत बोलत राहिली, आणि गावाला वाटत राहिलं की कर्णे चांगले आहेत.

लग्न तिने केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, वेळापत्रकात बसलं नाही.

नोकरी लागल्यावर तिने स्वतःच्या पगारातून पहिली वस्तू घेतली ती रेकॉर्ड प्लेअर. तेव्हा ती आजी आणि माझ्या बाबांबरोबर, म्हणजे आपल्या आई आणि भावाबरोबर, जुन्या घरी राहायची. प्लेअर पुढच्या खोलीत कपाटावर ठेवलेला असे. ड्यूटीवरून आली की हात-पाय धुऊन आधी एक रेकॉर्ड लावायची, मग चहा. तिच्याकडे व्हायोलिनच्या होत्या, पियानोच्या होत्या, पण जीव होता तो एका गायिकेच्या रेकॉर्डींवर. ती गायिका शब्द असे उच्चारायची की, आत्या म्हणे, तिला आमच्या स्थानकावर बसवलं असतं तर एकाही प्रवाशाची गाडी चुकली नसती.

मग तिला कार्यालयाने प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात पाठवलं. परत आली तेव्हा कपाटावर धूळ होती आणि धुळीच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन. प्लेअर नव्हता. माझ्या मामाचं लग्न तोंडावर आलं होतं, काहीतरी द्यायला हवं होतं, म्हणून बाबांनी तो आहेरात देऊन टाकला होता. आजीने सांगितलं, घरातलीच वस्तू होती, घरातच गेली. आत्या काही बोलली नाही. जेवली, झोपली आणि सकाळच्या पाळीला गेली. त्या दिवशीही गाड्या नेहमीसारख्याच, स्वच्छ शब्दांत सुटल्या.

रेकॉर्डी तेवढ्या राहिल्या, कारण त्या कुणाला नको होत्या. मामाला त्यांतल्या गाण्यांत गोडी नव्हती. आत्याने त्या कपाटात उभ्या लावून ठेवल्या. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात, म्हणून कुणाला त्यांवर काही ठेवू द्यायची नाही. पुढे कॅसेटी आल्या, प्लेअर विकणारी दुकानं बंद पडली, आजी अंथरुणाला खिळली आणि तिचं सगळं आत्याच्या गळ्यात आलं. तरी दरवर्षी ती एकदा सगळ्या रेकॉर्डी काढून मऊ फडक्याने पुसायची. ज्या घरात वाजवायला काही नाही त्या घरात रेकॉर्डी पुसणारी बाई म्हणून आम्ही भावंडं तिची टर उडवायचो. आजी गेल्यावर ती स्थानकाजवळच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. हातगाडीवर पहिल्या खेपेला रेकॉर्डी गेल्या, भांडी दुसऱ्या.

ती निवृत्त झाली त्याच सुमाराला स्थानकावर यंत्रातला आवाज आला. कार्यालयाने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरच्यांनी ठरवलं की आपणही काहीतरी मनासारखं द्यायचं, आणि माझ्या दादाने पुढाकार घेतला. दादा मनाचा मोठा आणि कामात घाईचा. तो बाजारातल्या भेटवस्तूंच्या दुकानातून एक प्लेअर घेऊन आला. छोट्या सूटकेससारखा, फिक्या निळ्या रंगाचा, पितळी कड्या असलेला. झाकण उघडलं की आत सगळं तयार, स्पीकरसुद्धा त्यातच. आत्याने तो पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की तिला भेटीची किंमत कळली नाही.

तिने त्या गायिकेची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड लावली. आवाज आला. पातळ होता, डब्यातून आल्यासारखा, आणि लांबलेला सूर किंचित हेलकावत होता, पण आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाणं वर चढलं तशी सुई उडाली आणि पुढच्या ओळीवर जाऊन पडली. पुन्हा लावलं, पुन्हा उडाली. दादाने खिशातून एक नाणं काढलं आणि सुईच्या दांड्याच्या टोकावर ठेवलं. सुई उडायची थांबली. दादा म्हणाला, झालं काम. आत्याने नाण्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि एवढ्या हौसेने दिलंय म्हणून नाणं तिथेच राहू दिलं.

पुढचे काही आठवडे ती आनंदात होती. मी तिच्याकडे गेलो की काही ना काही लागलेलं असायचं. अर्थात सगळ्या रेकॉर्डी नव्हेत. इतक्या वर्षांची भूक होती, म्हणून ती पुन्हा पुन्हा त्याच चार-पाच लावायची, ज्यांवर तिचा जीव होता. मग एका दुपारी तिने मला फोन करून बोलावून घेतलं. दार उघडलं तेव्हाच चेहरा उतरलेला दिसला. तिने ती लाडकी रेकॉर्ड लावली आणि म्हणाली, “ऐक. तिचा ‘स’ ऐक.”

मी ऐकलं. शब्दात जिथे जिथे ‘स’ येत होता तिथे कुणीतरी कापड टराटरा फाडत होतं. ‘श’चंही तेच. आधी तिला वाटलं होतं की प्लेअर बिघडला. म्हणून तिने अजून न लावलेली एक रेकॉर्ड काढून बघितली, ती बरी वाजली. म्हणजे बिघाड प्लेअरच्या आवाजात नव्हता. रेकॉर्डच बिघडली होती, आणि बिघडवली होती प्लेअरने.

त्या दिवसापासून आत्याला जो संताप चढला, तो मी आधी कधी पाहिला नव्हता. ती सूटकेस उचलून सरळ त्या भेटवस्तूंच्या दुकानात गेली. तिथल्या मुलीने सांगितलं की हे दिसायला छान आहे म्हणून लोक नेतात, बहुतेक जण लावतच नाहीत. आत्याने विचारलं, मग त्यावर प्लेअर असं का लिहिलंय, शोभेची पेटी लिहा. मुलगी म्हणाली, मॅनेजर बाहेर गेलेत. मॅनेजर बाहेर गेले ते आत्या असेपर्यंत काही परत आले नाहीत.

ती घरी आली आणि मला म्हणाली की आता मी माझ्या पैशांनी चांगला टर्नटेबल, म्हणजे खराखुरा रेकॉर्ड प्लेअर घेणार, आणि तो मी निवडणार. तुम्ही कुणी निवडायचा नाही. मी सोबत चल म्हटलं तर चल, पण तोंड उघडायचं नाही.

आम्ही आधी मोठ्या शोरूममध्ये गेलो. काचेचे दरवाजे, आत गार हवा, जमिनीवर गालिचा आणि काळ्या चकचकीत टर्नटेबलांची रांग. विक्रेता हसतमुख होता. आत्याने विचारलं की सुईचा दाब कमी-जास्त करता येतो असे कोणते, आणि कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तो दांड्याच्या टोकाचा तुकडा, बदलता येतं असे कोणते. त्याने ऐकून घेतलं आणि उत्तर मला दिलं. म्हणाला, साहेब, आजींसाठी हा घ्या, बटण दाबलं की दांडा आपोआप जातो, आपोआप परत येतो, आजींना काही करावं लागत नाही. आत्या म्हणाली, मला करायचंय. तो पुन्हा मला म्हणाला की यात वायरशिवाय स्पीकर जोडता येतात. मला तोंड उघडायची बंदी होती, म्हणून मी नुसता आत्याकडे बोट करत होतो. आत्याने तिसऱ्यांदा विचारलं की याचं कार्ट्रिज कोणतं आहे आणि त्याची सुई कुठल्या आकाराची आहे. तेव्हा तो जरा वाकून, आवाज खाली आणून, मलाच म्हणाला की एवढ्या खोलात जायची गरज नाही, या वयात वरचे सूर तसेही ऐकू येत नाहीत.

आत्याने पर्स टेबलावर ठेवली. ताठ उभी राहिली. आणि जो आवाज इतकी वर्षं गावाने ऐकला होता, त्या आवाजात, जराही न ओरडता, बोलली:

“कृपया लक्ष द्या. या दुकानात प्रश्न बाई विचारते आणि उत्तर पुरुषाला मिळतं. ज्या बायकांना स्वतःसाठी काही घ्यायचं असेल, त्यांनी सोबत आणलेला पुरुष बाहेर उभा करावा. गैरसोयीबद्दल दुकानाला दिलगिरी वाटेल अशी आशा आहे.”

आख्खं शोरूम थबकलं. टीव्ही बघत उभं असलेलं एक जोडपं वळलं, पलीकडे फ्रिजचं दार उघडून बघणारा माणूस ते तसंच धरून उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, अहो, या तर बसस्थानकाच्या बाई. मालक मागच्या खोलीतून आला, चहा मागवतो म्हणाला. आत्या चहासाठी थांबली नाही. बाहेर येऊन मला म्हणाली की माझे कान मी डॉक्टरकडून तपासून घेतलेत, एका कानाला वरचं जरा कमी ऐकू येतं, तर काय झालं. ज्याला कमी दिसतं त्याने मळकं पुसट पुस्तक वाचायचं का?

दुसरं दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. ते एक दाढीवाला चालवायचा. खोली लहान, भिंतींना लाकडाच्या फळ्या, मधे एक खुर्ची आणि समोर दोन उंच स्पीकर. हा माणूस वेगळ्या जातीचा त्रासदायक निघाला. शोरूमवाल्याला आत्याला काही सांगायचं नव्हतं, आणि याला थांबताच यायचं नाही. पण बोलायचा तिच्याशीच, एवढं खरं.

आत्याने ती लाडकी रेकॉर्ड बरोबर नेली होती. तिला तीच लावून बघायची होती. दाढीवाल्याने ती दिव्याखाली तिरकी धरली आणि परत कव्हरमध्ये घातली. म्हणाला की ही मी माझ्या सुईखाली घेणार नाही. आत्या लाल झाली. मग त्याने तिला खिडकीपाशी नेऊन दाखवलं. काळ्या चकाकीवर राखाडी पट्टे उठले होते, जिथे गाणं जोरात होतं नेमकं तिथेच. त्याने विचारलं कशावर वाजवलीत. आत्याने सांगितलं, नाण्यासकट सांगितलं. तो म्हणाला की त्या सूटकेसवाल्यांचा दांडा आधीच जड, सुई दगडासारखी, त्यावर वर वजन. ते वाजवणं नसतं, नांगरणं असतं. आत्याने विचारलं, हे नीट होईल का.

“सुई फिरते त्या खाचेची भिंतच घासली गेलीय, बाई,” तो म्हणाला. “ती पुन्हा कुठून आणू?”

आत्या त्या एकुलत्या खुर्चीवर बसली. जरा वेळाने म्हणाली की ज्या मला सर्वांत जास्त आवडत होत्या त्याच मी सर्वांत जास्त लावल्या. जी कधी आवडली नाही ती नवीकोरी राहिली. हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी ती सूटकेसवर न लागलेली, त्याच गायिकेची दुसरी रेकॉर्ड घेऊन गेली. दाढीवाल्याने आता राजीखुशी सगळं मांडलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. टर्नटेबलची कामं तीन: थाळी एका वेगाने फिरवायची, मोटारीची घरघर सुईपर्यंत पोचू द्यायची नाही, आणि दांडा असा धरायचा की सुई खाचेत अलगद बसली पाहिजे. एवढं ज्याला जमतं तो चांगला, बाकी सगळा साज. आवाज काढते ती सुई, आणि सुईची थरथर विजेत बदलतं ते कार्ट्रिज. त्याने रबरी पट्ट्यावर फिरणारा एक जाडजूड, काही दिखावा नसलेला टर्नटेबल पुढे ठेवला. दांड्याच्या मागे वजन फिरवून सुईचा दाब ठरवता येत होता. आत्याने झाकण लावलं, काढलं, थाळीवर बोटाने टकटक केलं, दांडा उचलून हळूच सोडला. तो हवा तितकाच, संथ खाली आला. हा ठीक आहे, ती म्हणाली.

कार्ट्रिजवर मात्र त्यांचं जुंपलं. दाढीवाल्याच्या मनात एक महागडं होतं, त्याचं कौतुक करताना तो डोळे मिटायचा. आत्याने विचारलं की याची सुई झिजली तर. तो म्हणाला, मग पूर्ण कार्ट्रिज बदलायचं, यात सुई वेगळी निघत नाही.

“म्हणजे चप्पल झिजली की पाय बदलायचा,” आत्या म्हणाली.

तरी ती सगळी ऐकायला तयार होती, एका अटीवर. गाणं ती सांगेल ते, आणि ते रेकॉर्डच्या बाजूवरचं शेवटचं. दाढीवाला चमकला. शेवटचं का, म्हणाला. आत्याने सांगितलं की ही गायिका सुरुवातीला छान म्हणते, पण शेवटच्या गाण्याला दमते, तिचे शब्द सैल पडतात. जुन्या प्लेअरवरही तसंच व्हायचं. दमलेली असतानाही तिचं जे नीट ऐकवेल ते मला हवंय. दाढीवाल्याच्या मिशीत हसू उमटलं.

आधी त्याने गोल टोकाच्या सुईचं साधं कार्ट्रिज लावलं. आवाज भरलेला, उबदार, आणि शेवटच्या गाण्यात ‘स’ नेहमीसारखा विस्कटलेला. आत्याने मान हलवली, म्हणजे हेच म्हणत होते मी. मग त्याने दुसरं लावलं. सुई लंबगोल टोकाची, झिजली तर चिमटीत धरून ओढली की निघणारी. दाब पुन्हा मोजून ठरवला, दांडा खाली ठेवला.

गायिका गायला लागली. एक ओळ झाली, दुसरी झाली. ‘स’ आला आणि नुसता ‘स’ म्हणून गेला. आत्या खुर्चीत पुढे सरकली. गाणं संपलं तरी ती तशीच होती. मग हळू म्हणाली, ती दमलेली नव्हती.

दाढीवाल्याने तेव्हा सांगितलं की रेकॉर्डच्या मध्याकडे जाताना खाच दाटीवाटीची होत जाते, जाड सुईला तिथले बारकावे वाचता येत नाहीत. शेवटच्या गाण्याला बाई दमत नाही, सुई दमते. आत्याने हे ऐकलं आणि पुन्हा भडकली. यावेळी कुणावर ते मला नीटसं कळलं नाही. म्हणाली की इतकी वर्षं मी एका मेहनती बाईला आळशी समजत होते. तिने शेवटच्या गाण्यालाही तितकाच जीव लावला होता, आणि तो माझ्यापर्यंत पोचू दिला नाही कुणी.

तिसरं, ते महागडं, तिने ऐकलं. अधिक बारीक ऐकू आलं हे तिनेही मान्य केलं. पण रेकॉर्डवरची प्रत्येक किरकिरही पुढे येऊन उभी राहत होती. शिवाय, ती म्हणाली, गाणाऱ्या बाईच्या इतकं जवळ गेल्यासारखं वाटतं की तिचे दात मोजावेत. दाढीवाला दुखावला. म्हणाला, तुम्ही अर्ध्या वाटेवर थांबताय. आत्याने दुसऱ्या कार्ट्रिजवर बोट ठेवलं. मला ‘स’ स्वच्छ हवा होता, तो इथे मिळाला, पुढे कशाला चालत जाऊ. त्याने ते महागडं डबीत परत ठेवलं. ॲम्प्लिफायर आणि दोन लहान स्पीकर मात्र त्याने मनापासून निवडून दिले.

टर्नटेबल घरी आला त्या रविवारी आम्ही सगळे आत्याकडे जमलो. बाबा तोवर थकले होते, पण घरातला शब्द अजून त्यांचाच चालतो असं त्यांना वाटायचं. त्यांनी स्पीकर पाहिले, टर्नटेबल पाहिला, खोलीची लांबी-रुंदी पाहिली. मग म्हणाले की इथे हे कोंदल्यासारखं होतं. आमच्या हॉलमध्ये ठेवू, मोठी जागा आहे, सगळ्यांना ऐकता येईल. तू एकटी अशी किती ऐकणार? त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी त्यांचा मुलगा म्हणून सांगू शकतो. त्यांना ते खरोखरच सोयीचं वाटत होतं.

आत्या कार्ट्रिजवरचं लहानसं झाकण काढत होती. तिने ते परत बसवलं.

“माझी वस्तू म्हटली की तुला लगेच सगळं घर आठवतं, भाऊ,” ती म्हणाली. “आईचं आजारपण मात्र माझ्या एकटीचं होतं.”

बाबांना कळेना हे कुठून आलं. मग आत्याने सांगितलं कुठून आलं ते. कपाटावरची धूळ, मधला स्वच्छ चौकोन, मामाचं लग्न. सगळं स्वच्छ शब्दांत, कुठेही न अडखळता. मामाकडे तो प्लेअर कसा पडून राहिला, त्याच्या झाकणावर मामी गहू वाळवायची ताटं ठेवायची, हेसुद्धा तिला ठाऊक होतं, आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की तिने ते पाहिलंय. दादा खाली बघत होता, कारण त्याला नाणं आठवत असावं. 

“तेव्हा तू काही बोलली नाहीस,” बाबा म्हणाले.

“देण्याआधी तू विचारलं नाहीस. दिल्यावर काय बोलायचं होतं?”

बाबांनी काठी घेतली आणि घरी जायचं म्हणाले. त्यांना सोडायला मी गेलो. वाटेत ते फक्त एवढंच म्हणाले की लग्नात काहीतरी द्यायलाच हवं होतं. चार पावलांनी पुन्हा तेच म्हणाले. पण दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज खाली आला होता.

आता आत्याच्या संतापाने एक काम मात्र बिघडवलं, तेही सांगायला हवं. सूटकेसच्या जड सुईची तिने इतकी धास्ती घेतली होती की दाढीवाल्याने लावून दिलेला दाब तिला जास्त वाटला. तिने मागचं वजन फिरवून सुई जितकी हलकी करता येईल तितकी केली. तिच्या मते हलकं म्हणजे मायेचं. दोन दिवसांत तिचा फोन आला, ‘स’ पुन्हा फाटतोय. आम्ही टर्नटेबल गाडीत घालून दुकानात. आत्या पायऱ्या चढतानाच बोलायला लागली होती की यांनी मला दुसरं कार्ट्रिज दाखवलं आणि घरी भलतंच दिलं.

दाढीवाल्याने सुईखाली छोटा वजनकाटा लावून दाब मोजला आणि कपाळाला हात लावला. सुई इतकी हलकी झाली की ती खाचेत बसतच नाही, तो म्हणाला, या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत जाते. जड सुई रेकॉर्ड घासते, आणि ही ठोकरून फोडते. कार्ट्रिज बनवणाऱ्याने जो दाब सांगितलाय तोच ठेवायचा, कमी नाही, जास्त नाही. त्याने वजन फिरवलं, गाणं लावलं, ‘स’ जागेवर आला. आत्याने ऐकलं आणि म्हणाली की हे विकतानाच सांगायला हवं होतं. तो म्हणाला, सांगितलं होतं. आत्या म्हणाली, नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने दोनदा सांगितल्याचं मला चांगलं आठवत होतं. पण मला तोंड उघडायची बंदी अजून उठलेली नव्हती.

त्यानंतर मात्र सगळं बसलं. निळी सूटकेस तिने दादाला परत केली आणि बजावलं की ही कुणाला आहेरात देशील तर याद राख. दादाने त्या लाडक्या रेकॉर्डची दुसरी प्रत मिळते का म्हणून जुन्या बाजारात खूप फेऱ्या मारल्या. एक मिळाली, पण तिला आधीच कुणीतरी नांगरून ठेवलं होतं. नव्या सुईखाली आत्याची स्वतःचीच प्रत जरा बरी वाजायला लागली, तेवढंच. जिथे फाटलंय तिथे ती अजूनही फाटते. ती जागा आली की आत्या ओठ घट्ट मिटते, आणि मग खोलीत असलेल्या कुणीही बोलायचं नसतं.

भेटवस्तूंच्या दुकानासमोरून जाताना तसली पेटी काचेत दिसली की ती आत जाते. कुणी गिऱ्हाईक ती बघत असेल तर शेजारी उभी राहून, न विचारता, सगळं समजावते. मॅनेजर आता तिला पाहून बाहेर जात नाही, उलट पुढे येऊन, बाई, आता पुरे, अशी विनंती करतो. एका तरुण जोडप्याने तिचं ऐकलं, तिच्या घरी येऊन दोन रेकॉर्डी ऐकल्या आणि दाढीवाल्याकडे गेले. दाढीवाल्याने त्यांना ते महागडं कार्ट्रिज विकलं, यावरून आत्या त्याच्यावर अजून चिडलेली आहे.

बाबा महिनाभर तिच्याकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी मी तिथे असताना जिने चढून आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, “बसू का? लागलंय ते ऐकतो.” आत्याने खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. गाणं संपल्यावर बाबांनी रेकॉर्डींच्या फळीकडे पाहिलं, हात पुढे केला, मधेच थांबले आणि विचारलं की यातली एखादी काढून बघू का. आत्या म्हणाली, कडेला धरून काढ, बोटं मधे लागू देऊ नकोस, आणि दांड्याला हात लावायचा नाही. बाबांनी पियानोची एक काढली. त्यांना पियानो आवडतो हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. आता ते आठवड्यातून दोनदा जातात आणि प्रत्येक वेळी विचारतात.

मी एकदा आत्याला विचारलं, भावावरचा राग गेला का. ती सुईवरची धूळ बारीक ब्रशने काढत होती, मागून पुढे, कधी उलट नाही.

“कशाला जाईल,” ती म्हणाली. “पण आता तो समोर येऊन बसतो, म्हणजे रागवायला बरं पडतं.”